उमानं कुठं शिकावं

उन्हाळा अर्धा सरला तोवर अंबडच्या जगन्नाथराव वकिलांच्या ओसरीवर हैदराबाद, दिल्ली, लुधियाना, नागपूर, मुंबई असं गावोगावचं टपाल येऊन पडलं होतं. लुधियाना हे नाव डाकवाल्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. पाकीट हातात देताना तो म्हणाला, "वकीलसाब, यंदा मुकदमा लई लांबचा घेतला वाटतं." एरवी जगन्नाथरावांनी त्याला बसवून घेतलं असतं, युरोपातली लढाई संपली त्याच्या दोन गोष्टी केल्या असत्या. आता त्यांनी नुसती मान हलवली आणि उभ्या उभ्याच पाकीट फोडलं.

त्यांची धाकटी मुलगी उमा दाराशी पाय पसरून बसली होती. पायांवर तिच्या बहिणीची लेक गोदी आडवी होती आणि उमा तिच्या अंगाला तेल चोळत होती.

"ऐक," जगन्नाथराव म्हणाले. "लुधियान्याला सगळ्या बायकाच. शिकणाऱ्या बायका, शिकवणाऱ्याबी बायका. मिशनचं आहे, पण चालतं आपल्याला. दिल्लीलाबी मुलींचंच, फक्त तिथं सगळं इंग्रजीतून. तुझं इंग्रजी कसं आहे?"

"ठीक आहे, नाना."

"ठीक म्हणजे? निभंल का न्हाई?"

"निभंल."

"मुंबईला नाव मोठं, पण आपण पडलो निजामाच्या राज्यातले, आपल्याला शेवटी विचारणार. नागपूरला लवकर मोकळी होशील, पण तिथली सनद धाकटी. हैदराबाद घरचं. तू इंटर उर्दूतून केलीस, तिथं डॉक्टरीबी उर्दूतूनच." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "बोल की. कुठं कुठं अर्ज करायचा?"

उमानं गोदीचा एक पाय धरून पोटाशी दुमडला, सोडला, मग दुसरा धरला.

"तुम्ही म्हणाल तिथं."

कितीतरी दिवस तिचं हेच चाललं होतं. जेवतेस का विचारलं की वाढा म्हणायची. झोप म्हटलं की जाऊन आडवी व्हायची. ती रुसली नव्हती, घाबरलीही नव्हती. लुधियाना आणि नागपूर यांत तिला खरोखरच काही फरक दिसत नव्हता. शेजारच्या घरात कुणी कुणाला हाक मारावी तशी ती नावं कानावरून जात होती.

थंडीच्या दिवसांत ती थोरल्या बहिणीला, विमलला, बाळंतपणासाठी माहेरी आणायला आष्टीला गेली होती. विमलला आठवा लागला होता. कॉलेजला सुट्टी होती, आणि पाठची बहीण सोबतीला असली म्हणजे वाटेत बरं, म्हणून नानांनी उमालाच पाठवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी विमलच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी झाली, एवढीशी, पण रडली खणखणीत. सगळ्यांना हायसं वाटलं. मग रक्त थांबेना. वार पडली नव्हती. गावची सुईण गोजरबाई हिनं तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. पोट चोळलं, बाटलीत फुंकायला लावलं, विमलचीच वेणी तिच्या तोंडात घालून ओकारी काढायला लावली. शेवटी उठून उभी राहिली अन् म्हणाली, "आता माझ्या हातात न्हाई राह्यलं. गाडी जुंपा अन् जालन्याला न्या, जल्दी."

बाळंतिणीला असं वाऱ्यावर न्यावं का, याचा घरात बराच वेळ खल झाला. विमलचे सासरे रामराव पटवारी एक म्हणायचे, सासू दुसरं म्हणायची, नवरा शरदचंद्र नुसता आत-बाहेर करायचा. गाडी निघाली ती ऊन वर आल्यावर. परतूर स्टेशनला पोचले तेव्हा जालन्याकडची गाडी नुकतीच गेली होती. पुढची संध्याकाळी. स्टेशनमास्तरानं स्वतःची बाज काढून लिंबाखाली टाकली. विमल डोळे मिटून पडली होती. मधूनच विचारायची, "गाडी आली का गं?" उमा म्हणायची, "येऊन राह्यली." तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. पुढं विमलनं विचारायचं थांबवलं. संध्याकाळी गाडी आली, थांबली, शिटी देऊन गेली. त्यांच्यातलं कुणी चढलं नाही.

तेव्हा उमा रडली नाही. बाळाला घेऊन अंबडला आल्यावर आई तिच्या गळ्यात पडली तेव्हाही नाही. दिवसकार्य झालं आणि ती औरंगाबादला मामाकडे परत गेली. कॉलेजात मुलींच्या बाकांपुढं बांबूच्या चिकाचा पडदा असायचा. त्या पडद्याआड बसून तिनं मास्तर सांगतील ते लिहून घेतलं, पाठ केलं, परीक्षा दिली आणि वरच्या नंबरानं पास झाली. डोक्यात दुसरं काही नव्हतंच, त्यामुळं जे आत गेलं ते जागच्या जागी राहिलं. गावात लोक म्हणाले, पोर मोठी धीराची. ते ऐकूनही तिला काही वाटलं नाही.

नानांचं मात्र उलटं झालं होतं. दोन मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवून उजवायचं, एवढाच त्यांचा बेत होता. इंटर उमानं हट्टानं पदरात पाडून घेतली होती. आता ते अशिलाला ताटकळत ठेवून कॉलेजांची माहितीपत्रकं वाचत बसायचे. उमाला डॉक्टर करायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. तिला विचारलंही होतं, आणि तिनं "बरं" म्हटलं होतं.

त्यातच वैशाखात रामराव आष्टीहून आले. गूळपाणी झालं, नातीला मांडीवर घेऊन झालं. मग त्यांनी घसा खाकरला.

"वकीलसाहेब, आडपडदा कशाला ठेवायचा? पोरीला आई पाहिजे. शरदचंद्रचं वय काय? आज ना उद्या लग्न करावंच लागणार. परकी आणली तर ती गोदीला कसं वागवंल, कुणी सांगावं? उमा तिची मावशीच. तुमची लेक आमच्या घरी, आमची नात तिच्यापाशी."

दुर्गाबाईंनी, म्हणजे उमाच्या आईनं, दाराआडून पदर डोळ्यांना लावला.

पाहुणा गेल्यावर दुर्गाबाई परसात उमापाशी येऊन बसल्या. "मी काय म्हणते, ऐक. पोरगी त्यांची आहे. आज इथं आहे, उद्या न्यायला येतील अन् मला हात जोडत बसावं लागंल. सावत्र आईच्या हाती ती कशी वाढंल? तू तिथं गेलीस तर माझ्या विमलची लेक तुझ्यापाशी तरी राहील."

"बरं," उमा म्हणाली.

"बरं म्हणजे? कबूल आहे का तुला?"

"तुम्ही दोघं ठरवा."

हे जगन्नाथरावांनी ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी म्हणतो डॉक्टर हो, तर बरं. आई म्हणते लग्न कर, तर बरं. उद्या कुणी विहिरीत उडी टाक म्हटलं तरी बरंच म्हणशील का?"

उमा त्याचा खरोखरच विचार करायला लागली. तोवर नाना उपरणं खांद्यावर टाकून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते तिला मोटारीनं जालन्याला घेऊन गेले. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, मूळच्या नगरकडच्या, केस पिकत आलेल्या. कोणत्या गावी अर्ज करावा हे त्यांनाच विचारावं, असं नानांनी ठरवलं होतं. माहितीपत्रकांचा गठ्ठा त्यांच्या काखेत होता. बाईंनी तो हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा, वकीलसाहेब."

मग त्या उमाकडे वळल्या. "वडील म्हणाले, तुझी बहीण बाळंतपणात गेली. काय काय झालं, सांग."

उमानं पहिल्यापासून सांगितलं. गोजरबाईनं काय केलं, गाडी कधी निघाली, परतूरला काय झालं. परक्या गावच्या पाऊसपाण्याची हकीकत सांगावी तशा आवाजात सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"वार आत चिकटून राहिली होती," त्या म्हणाल्या. "अशा वेळी हात आत घालून ती सोडवून काढावी लागते."

"किती वेळ लागतो?"

"हात शिकलेला असेल तर फार नाही. चुलीवर दूध तापायला लागतं तेवढाही नाही."

"मंग आष्टीत तसं कुणी असतं तर?"

"तर कदाचित वाचली असती. कदाचित म्हणते मी, ध्यानात ठेव. माझ्या हातूनही सगळ्या वाचत नाहीत."

बाहेर कुणाचं तरी मूल किरकिरत होतं. उमा टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत होती. "हे असं हातानं करायला कुठं शिकवतात?" तिनं विचारलं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "पुस्तकात तर सगळीकडेच शिकवतात. पण जिथं मुलगे पुष्कळ आणि मुली दोन-चार, तिथं खाटेभोवती मुलग्यांचा घोळका असतो. तुला त्यांच्या पाठी दिसतील. मी शिकले तेव्हा पहिलं वर्षभर पाठीच बघितल्या. लुधियान्याला आणि दिल्लीला तसं होणार नाही, तिथं सगळं मुलींनाच करायचं. हैदराबादला कॉलेजात मुलगे आहेत, पण बायकांचा दवाखाना निराळा. पडद्यातल्या बायका पुरुषाला जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळं शिकणाऱ्या मुलींना तिथं काम पडतं. पडतं म्हणजे पाठ मोडेपर्यंत पडतं. पदवी मोठी का धाकटी आणि इमारत कशी आहे, ते वडिलांना बघू दे. तू हात बघ."

उमा उठली नाही. म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. मला काही वाटतच न्हाई. ती गेली तेव्हापासून. रडूबी आलं न्हाई. असं माणूस डॉक्टर होऊ शकतं का?"

"खोटं कशाला सांगू? मला माहीत नाही." बाईंनी गठ्ठा सरळ करून तिच्यापुढं सरकवला. "दवाखान्यात रोज कुणी ना कुणी रडतं, त्यानं रक्त थांबत नाही. पण न रडणं म्हणजे काही हुशारी नाही, तशी समजूत करून घेऊ नकोस. जेवण जातं?"

"जातं."

"झोप?"

"लागते."

"मग अर्ज कर. बाकीचं तिथं गेल्यावर बघ."

परतीच्या मोटारीत नानांनी दोनदा विचारलं, बाई काय म्हणाल्या. उमा म्हणाली, सांगते. पण काय सांगायचं ते तिलाच नीट कळलं नव्हतं. हलकं वाटत नव्हतं, जडही वाटत नव्हतं. फक्त गावांच्या नावांत आता थोडा थोडा फरक दिसायला लागला होता.

त्याच आठवड्यात शरदचंद्र आला. दाढी वाढलेली, सदऱ्याच्या बाहीला पटवारगिरीची शाई. लेकीसाठी त्यानं लाकडी खुळखुळा आणला होता. दुर्गाबाईंनी मुद्दामच चहाचं निमित्त काढलं आणि आत गेल्या. ओसरीवर तो, उमा आणि मध्ये सतरंजीवर गोदी, एवढेच राहिले.

"दादांनी पाठवलंय," तो म्हणाला. रामरावांना तो दादा म्हणायचा. "तुम्हाला विचारून ये म्हणाले. हो का न्हाई ते."

"तुमचं काय म्हणणं आहे, भाऊजी?"

"माझं?" त्यानं खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला कुणी विचारलंच न्हाई."

"मी विचारून राह्यले ना."

त्यानं खुळखुळा सतरंजीवर ठेवला. मग म्हणाला, "कामावर जातो. लोक येतात, त्यांचं लिहून देतो. घरी आलो की ताट वाढलेलं असतं, जेवतो. मंग आई विचारते, आमटी कशी झाली होती, तर मला आमटी होती हेच आठवत न्हाई."

"मलाबी असंच होतं," उमा म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. इतक्या महिन्यांत ते दोघं एकमेकांकडे सरळ बघत होते ते पहिल्यांदाच. आष्टीचं ते घर उमाला दिसलं. संध्याकाळी हा बाहेर बसलेला, आपण आत. ताट वाढलं, ताट उचललं. दोघांना एकमेकांशी बोलायला एकच गोष्ट, आणि ती दोघांनाही बोलता येत नाही. त्याची तिला भीती वाटली नाही. घटकाभरापूर्वी त्यानं हो म्हणा म्हटलं असतं तर तिनं हो म्हटलंही असतं. पण त्या घरात गोदी रांगताना दिसली, आणि तिथं अडलं.

"आपण दोघं एका घरात राह्यलो," ती म्हणाली, "तर ही बोलायची कुणाशी?"

शरदचंद्रनं लेकीकडे पाहिलं. गोदी पालथी पडून सतरंजीचा दोरा उपसत होती.

"खरं आहे," तो म्हणाला. "मंग दादांना काय सांगू?"

"सांगा, उमा शिकायला जाणार आहे. अन् तुम्ही लग्न करा, कुणाशीबी करा, पण गोदीला माझ्या आईपाशी राहू द्या. ती मोठी झाली, तिला समजायला लागलं की मंग बघू."

"दादा ऐकणार न्हाईत."

"तुम्ही सांगितलंत तरी?"

तो वाकून गोदीला उचलायला गेला, तर ती त्याच्या सदऱ्याचं बटण धरून बसली आणि सोडेना. तसाच वाकलेला राहून तो म्हणाला, "राहू द्या तिला इथंच. मी सांगतो. ओरडतील. ओरडू द्यात."

चहा न घेताच तो निघाला. मग अर्ध्या वाटेवरून आठवण झाल्यासारखा परत आला, चहा घेतला आणि गेला.

रात्रीच्या जेवणाआधी उमानं नानांना सांगितलं, "हैदराबादला करा अर्ज. लुधियाना अन् दिल्लीलाबी. बस."

"अन् मुंबई? मुंबईचं नाव किती मोठं आहे!"

"मुंबई नको. तिथं पाठी बघत बसावं लागंल."

जगन्नाथरावांना ते काही समजलं नाही. पण मुलीनं इतक्या महिन्यांनी कशाला तरी नको म्हटलं होतं. त्यांनी मुंबईचा कागद मुकाट्यानं बाजूला ठेवला. दुर्गाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "हैदराबादची गाडी परतूरवरूनच जाते ना गं?"

"हो."

"जमंल तुला?"

"जमंल, आई."

दुर्गाबाई त्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. रामरावांचा निरोप आला, त्यात बरंच वाईटसाईट होतं, पण गोदीला न्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी उमाची लुगडी काढून उन्हात घातली आणि फाटली-उसवली कुठं ते बघायला लागल्या.

लुधियान्याहून नकार आला. दिल्लीचं उत्तर येईतो हैदराबादनं भेटीला बोलावलं, उर्दूतून चार प्रश्न विचारले आणि घेतलं. पाऊस लागल्यावर नाना तिला पोचवायला निघाले. परतूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं आणि उपरण्यात रडले. उमानं त्यांना तांब्यातलं पाणी दिलं. लिंबाखाली कुणीतरी शेंगा विकत होतं. तिनं बघितलं, आणि गाडी सुटली.

हैदराबादेत पहिल्यांदा मुडदा चिरायला घेतला त्या दिवशी एक मुलगी चक्कर येऊन पडली, दुसरी आठवडाभर जेवली नाही. उमा शांतपणे चिमटा धरून उभी होती. मास्तरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. न रडणं ही काही हुशारी नाही, असं जालन्याच्या बाई म्हणाल्या होत्या ते तिला आठवत होतं, म्हणून तिनं ती शाबासकी मनावर घेतली नाही.

दिवाळीला ती घरी आली. मोटारीतून उतरून दारात पोचली तर गोदी ओसरीवर खांबाला धरून उभी होती. दोन दात आले होते, जावळ वाढलं होतं. उमानं सामान खाली टाकलं आणि हात पुढं केले. गोदीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ काढले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. दुर्गाबाई धावत आल्या, तशी ती त्यांच्या पदरात तोंड लपवून बसली.

"अगं, मावशी आहे ती! वळखली न्हाईस का?" दुर्गाबाई हसत होत्या. "इतक्या दिवसांनी आलीस, तिला काय कळतंय."

"असू दे," उमा म्हणाली.

ती हातपाय धुवायला परसात गेली. पायांवर पाणी घेतलं, तोंडावर घेतलं, आणि तांब्या हातात तसाच राहिला. छातीत काहीतरी दुखत होतं. आधी तिला वाटलं, मोटारीत अंग अवघडलं असेल. ती दगडावर बसली. दुखणं तिथंच होतं, वर नाही की खाली नाही. मग तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपल्याला वाईट वाटतंय. गोदीनं ओळखलं नाही याचं वाटतंय, का आणखी कशाचं, ते तिला वेगळं काढता येईना. तिनं काढूही पाहिलं नाही. डोळे कोरडेच होते.

आतून आईनं हाक मारली, "उमे, चहा निवतोय."

"आले," ती म्हणाली, आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिली.